पणजीचा डिस्चार्जचा कागद आणि एम.ए.नंतरची वाट

प्रश्न : मी साताऱ्यात एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पणजी दुसऱ्या महायुद्धात 'वॅक'मध्ये, म्हणजे लष्कराच्या बायकांच्या सहाय्यक दलात, पुण्याच्या लष्करी कचेरीत टायपिस्ट-कारकून होती. तिचा डिस्चार्जचा, म्हणजे सेवेतून सुटल्याचा, कागद घरी आहे. अशा बायकांना युद्धानंतर सरकारी खात्यांत नोकऱ्या मिळाल्या का, यावर पीएच.डी. करायची आहे. बाबा म्हणतात, त्यानं पोट भरणार नाही.

उत्तर : सर्वांत आधी, तो डिस्चार्जचा कागद लॅमिनेट करू नकोस. स्कॅन कर आणि कोरड्या जागी सपाट ठेव.

विषय मला फार आवडला. 'वॅक', म्हणजे विमेन्स ऑक्झिलरी कोअर (इंडिया), 1942 मध्ये उभं राहिलं आणि 1947 मध्ये गुंडाळलं गेलं. गणवेश उतरल्यावर त्या कारकून मुली कुठे गेल्या, हा प्रश्न खरा आहे. सुटून येणाऱ्या सैनिकांना काम मिळावं म्हणून 1945 मध्ये सरकारनं एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायची केंद्रं, सुरू केली. इतरांसाठी ती 1948 मध्ये खुली झाली. आपण ज्या कचेरीत नाव नोंदवत आलो, तिचं मूळ तिथं आहे. त्या रांगेत बायकांना कोणती कामं दाखवली गेली, एवढंच धर. 'युद्ध आणि स्त्रिया' असं मोठं शीर्षक घेशील तर बुडशील.

तुलनेला ब्रिटन घे. पहिल्या महायुद्धानंतर तिथं खात्यांतल्या हंगामी कारकून बायकांना काढून माजी सैनिकांना बसवलं गेलं. लग्न झालं की नोकरी सोडायची, हा नियम तिथल्या नागरी सेवेत 1946 पर्यंत होता. आपल्याकडे परराष्ट्र सेवेत लग्नासाठी बाईला सरकारची परवानगी घ्यावी लागे, त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा त्याविरुद्ध लढल्या, 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारला फटकारलं.

कागद शोधताना 'स्त्रिया' या शब्दावर थांबू नकोस. 'रिसेटलमेंट' (पुनर्वसन), 'डिमॉबिलायझेशन' (सैन्यातून मोकळं करणं) अशा नावांच्या फायली बघ. जुने सरकारी कागद जपणाऱ्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' संकेतस्थळापासून घरबसल्या सुरुवात होईल. मग मुंबईचं पुराभिलेखागार.

बाबांची काळजी रास्त आहे. नुसत्या पीएच.डी.च्या भरवशावर राहू नकोस. नेट-सेटची, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांची, तयारी आत्तापासून कर. एम.ए.नंतर राष्ट्रीय अभिलेखागाराचा अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा डिप्लोमा कर. अभिलेखागारं, विद्यापीठं, संग्रहालयं, बँकांचे जुने दप्तरखाने, सगळीकडे हे काम लागतं. आधी डिप्लोमा, मग पीएच.डी., असा क्रम मी सुचवेन; फायली कशा लावतात हे कळलं की संशोधनाची निम्मी दमछाक वाचते.

आजी असेल तर याच सुट्टीत तिच्याजवळ बस, फोनवर रेकॉर्ड कर. पणजी लग्नानंतर कचेरीत गेली का? पगार कुणाच्या हातात द्यायची? ते कुठल्याच फायलीत सापडणार नाही.