सेंद्रिय भाजीने आयुष्य वाढतं का?

सेंद्रिय भाजीने आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही; वेळेवर मिळणारे उपचार आणि रोजचा साधा आहार यांनी मात्र नक्की वाढतं. उपचारांचा पुरावा गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि तिथला नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला (1999 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास). मोठ्यांच्या बाबतीत तेच काम रक्तदाबाची गोळी करते: वरचा आकडा 10 ने उतरला की पक्षाघाताचा धोका साधारण चतुर्थांशाने कमी होतो. घोळ होतो तो 'आता बरं वाटतंय' म्हणून गोळी बंद करण्यात. दाब मोजताना आधी पाच मिनिटं टेकून शांत बसा, अर्धा तास आधी चहा नको, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. आहारात पहिली कात्री मिठाला लावा. दिवसाला माणशी 5 ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाणही आलं. महागड्या सेंद्रिय पालकाच्या पैशात साधी मटकी, डाळ, पेरू जास्त येतात. ते घ्या, भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. एक मात्र खरं, फवारणी करणाऱ्याला रासायनिक कीटकनाशकांचा असलेला धोका सेंद्रिय शेतीने कमी होतो. 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते.