शेंगेनचे ९० दिवस आणि मोटरहोम

मोटरहोमने, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीने, युरोप फिरायचा असेल तर रस्ता आखण्याआधी दिवस मोजा. शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटात, कुठल्याही १८० दिवसांत फक्त ९० दिवस राहता येतं, आणि ही १८० दिवसांची चौकट रोज एका दिवसाने पुढे सरकते. एक दिवस बाहेर जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, हा निव्वळ गैरसमज. प्रवेशाचा आणि बाहेर पडण्याचा, दोन्ही दिवस धरले जातात. व्हिसावर कमी दिवस लिहिले असतील तर तेवढेच.

दिवस संपले की पुन्हा आत जाता येईपर्यंतचा मधला काळ शेंगेनबाहेर, अल्बानिया, सर्बिया किंवा मोरोक्कोत काढा. क्रोएशिया, बल्गेरिया, रोमानिया आता शेंगेनमध्येच आहेत. जुने सल्ले वाचून फसू नका. गाडी एखाद्या देशात किती दिवस ठेवता येते याचे नियम वेगळे, तेही बघा.

आणि नव्वदाव्या दिवशी सीमा गाठायचा बेत नकोच. गाडी गॅरेजमध्ये अडकली तरी तुमचे दिवस संपतच राहतात. आठवडाभर तरी हाताशी ठेवा.