पावसाळा संपल्यावर परसबाग सुरू करावी का?

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे ऑक्टोबरात भाजीपाला लावण्यात काही लाभ आहे की पुढच्या जूनपर्यंत थांबावे, असे आपण विचारले आहे. भाजीपाल्यासाठी थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुण्यातील माझ्या अंगणात जूनमध्ये पेरलेली मेथी आणि कोथिंबीर जोराच्या सरींनी आडवी होऊन कुजलेली मी अनेकदा पाहिली आहे. आश्विनात तो धोका सरलेला असतो आणि चार महिने मुरलेल्या पावसाची ओल जमिनीत शिल्लक असते. कोकणात भात कापल्यावर वाल पेरतात आणि सोलापूरकडे शाळू घेतात, तो याच ओलीच्या भरवशावर. परसबागेला पाणी द्यावे लागतेच, पण वाफ्यावर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन केले तर ते बरेच कमी लागते.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा लाभ मात्र वेगळा आहे. बी रुजण्यासाठी माती उबदार लागते, तर पालेभाज्या, मुळा, गाजर, मटार यांच्या वाढीसाठी हवा थंड लागते, आणि या दोन्ही गोष्टी याच क्रमाने केवळ या दिवसांत मिळतात. ऑक्टोबरच्या उन्हात मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिनाभरात काढणीला येते. धणे रगडून दोन डाळी करून पेरल्यास कोथिंबीर चांगली येते. तीच उन्हाळ्यात पाने धरण्याआधी फुलोऱ्यावर जाते. टोमॅटोचे बी आता टाकले, तर साधारण २५ ते ३० दिवसांत रोपे लावण्याजोगी होतात आणि फुले गळवणारा उन्हाळा सुरू होण्यापूर्वी फळे हाती येतात. लसणाच्या पाकळ्या याच महिन्यात टोचाव्यात, कारण गड्डे भरायला चार महिन्यांहून अधिक काळ लागतो.

घाई फक्त खणण्यात करू नये. काळ्या मातीला वाफसा येण्याआधी, म्हणजे जास्तीचे पाणी ओसरून ती भुसभुशीत होण्याआधी, कुदळ घातली तर नंतर दगडासारखी ढेकळे होतात. थंडीत ढगाळ हवा आली की कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसतो, म्हणून तेव्हा पानांची खालची बाजू रोज पाहावी. आंबा, चिकू यांसारखी झाडे लावायची असतील, तर त्यांच्यासाठी मात्र जूनचीच वाट पाहावी, कारण कोवळ्या मुळांना आता लगेच कोरडे आठ महिने काढावे लागतील.