सलोखा हा ‘राखायचा’ शब्द आहे

दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीच्या मंडळाकडून प्रश्न आला आहे. सणांचे दिवस तोंडावर आले की ही मंडळी आपल्या भागातल्या सगळ्या धर्मांच्या लोकांची बैठक बोलावतात. यंदाच्या निमंत्रणाचा मसुदा असा: ‘धार्मिक वाद मिटवून सर्वांमध्ये एकमत घडवून आणण्यासाठी सलोखा बैठक.’ मंडळातले एक ज्येष्ठ म्हणतात, ‘सलोखा’ मराठी नाही, ‘सामंजस्य’ लिहा. दुसऱ्या एकांना ‘सौहार्द’ हवं आहे. बरोबर कोणता? आणि जाताजाता त्यांनी एक ओळ जोडली आहे: ‘मुळात लोक धर्मावरून वाद घालतात तरी काहून?’

आधी ज्येष्ठांच्या आक्षेपाबद्दल. सलोख्याचं मूळ अरबी ‘सुलूक’ या शब्दात सांगतात, हे खरं आहे. पण म्हणून तो मराठी नाही, हे मला मान्य नाही. जुन्या मराठी कागदपत्रांत ‘सलूख’ हे रूप तह, समेट या अर्थानं येतं, त्याचाच पुढे ‘सलोखा’ झाला आणि आज अरबी बोलणाऱ्याला आपला सलोखा ओळखूसुद्धा येणार नाही. या बैठकीसाठी तुम्ही पोलीस ठाण्यात जो अर्ज देणार आहात त्यातला ‘अर्ज’, त्याखालची ‘सही’, वरची ‘तारीख’, बैठकीला ‘हजर’ राहणारे लोक, सगळे त्याच वाटेनं आले आहेत. त्यांना कुणी परकं म्हणत नाही.

मला या शब्दात गुंतवून ठेवतो तो त्याचा आधीचा अर्थ. ‘सुलूक’ म्हणजे चालणं, वाट धरून जाणं. सूफी परंपरेत साधनेच्या वाटेला सुलूक म्हणतात आणि त्या वाटेवरच्या वाटसरूला सालिक. चालण्यावरून अर्थ गेला चालीरीतीकडे, तिथून वागणुकीकडे. हिंदी-उर्दूत ‘सलूक’ अजून वागणूक याच अर्थानं आहे आणि इतवारीच्या बाजारात तो रोज कानावर पडतो: ‘ये क्या सलूक हुआ भाई?’ आपल्याकडे येताना त्या वागणुकीतली चांगली तेवढी उरली आणि सलोखा झाला. शब्दाच्या या साऱ्या प्रवासात ‘एकसारखा विचार करणं’ हा अर्थ कुठेच नाही, हे लक्षात ठेवा, कारण तुमच्या मसुद्यातली अडचण तिथंच आहे.

सुचवलेले पर्याय वाईट नाहीत. ‘सामंजस्य’ समंजसपणातून आलं. चांगला शब्द, पण हल्ली तो ‘सामंजस्य करारा’त इतका वापरला गेला आहे की निमंत्रणात वाचला की दोन कंपन्या सह्या करताना दिसतात. ‘सौहार्द’ सुहृद वरून, म्हणजे त्यात हृदय आहे. मात्र घरी आपण तो बोलत नाही. तुमच्या वस्तीतल्या आजीला सौहार्द समजावून सांगावं लागेल, ‘सलोख्यानं राहा’ हे तिनंच तुम्हाला लहानपणी सांगितलेलं असणार.

आता ‘वाद घालतात काहून’. हा प्रश्न जाताजाता विचारला असला तरी मला तोच मोठा वाटतो.

भांडणाचे आपले शब्द जरा उलगडून पाहा. ‘हुज्जत’ अरबीत म्हणजे पुरावा, युक्तिवाद. मराठीत ती घातली जाते, आणि घालणाऱ्याकडे पुरावा सोडून बाकी सगळं असतं. ‘बहस’चा मूळ अर्थ शोध घेणं. ‘तक्रार’, हिंदीतली ‘तकरार’, मूळ अरबीत नुसती पुनरावृत्ती: तेच ते पुन्हा म्हणणं. संस्कृत ‘वाद’ तर केवळ बोलणं. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्रात, त्याला मानाची जागा होती. दोघांनी खरं काय ते ठरवण्यासाठी प्रमाणं देत केलेली चर्चा म्हणजे वाद, काहीही करून जिंकण्यासाठी केलेली ती जल्प, आणि स्वतःची काही बाजूच न मांडता समोरच्याची नुसती मोडायची ती वितंडा. आपला ‘वितंडवाद’ तिथून आला. वादाची ही वाटणी आपण भाषेत विसरलो. जल्पालाही वादच म्हणू लागलो आणि क्रियापद लावलं ‘घालणं’, जे धिंगाण्याला लावतो, गोंधळाला लावतो. पुराव्यासाठी, शोधासाठी, बोलण्यासाठी असलेले शब्द एकामागून एक भांडणाचे झाले, यात बोलणाऱ्यांचा किती पिढ्यांचा अनुभव साठला असेल.

पण क्रिकेटवरूनही हुज्जत घालतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. धर्मावरचीच का चिघळते? माझ्या मते याचं उत्तर ‘मानणे’ या क्रियापदात आहे.

‘देव आहे असं मी मानतो’ आणि ‘मी देवाला मानतो’ ही दोन वाक्यं सावकाश वाचा. पहिल्यात एक मत आहे. मत मांडता येतं, खोडता येतं, बदलता येतं, पाच वर्षांनी कुणाला तरी देताही येतं. दुसऱ्यात ‘ला’ आला आणि मानणं हे नातं झालं. बापाला मानतो, गुरूला मानतो, तसं. एखाद्यानं अवघड काम केलं की आपण ‘मानलं भाऊ तुले!’ म्हणतो तेव्हा कुठलंही मत देत नसतो. मन, मत, मानणं आणि मान हे चारही शब्द एकाच ‘मन्’ धातूचे. म्हणून कुणाच्या मताला हात घातला की तो मानाला लागतो. श्रद्धेची क्रियापदं तर मताच्या क्रियापदांत मिसळतच नाहीत. श्रद्धा बसते, जडते, डळमळते. ‘त्यानं माझी श्रद्धा खोडून काढली’ असं मराठीत कुणी म्हणत नाही, ‘दुखावली’ म्हणतात. आणि ‘माझं मत दुखावलं’ हेही कधी ऐकलं नाही.

हे मी कोशात वाचून शिकलो नाही. आमच्या कोपऱ्यावर तर्री पोह्याचा ठेला आहे, तिथं सकाळी फिरून आलेले लोक टेकतात. त्यात दोघं पंचवीसेक वर्षांचे शेजारी. एक निवृत्त गुरुजी, आंबेडकरी घरातले, प्रत्येक गोष्ट तपासून घेणारे. दुसरे काकाजी, गजानन महाराजांचे भक्त. एका सकाळी गुरुजी म्हणाले, ‘‘तुम्ही मानता, पण पुरावा काय हाये जी?’’

‘‘मानतो म्हंजे मानतो. पुरावा काहून लागते?’’

‘‘बिनापुराव्याचं मानणं म्हंजे अंधश्रद्धा.’’

काकाजींनी चमचा प्लेटीत ठेवला. तर्रीवरचा तेलाचा तवंग थिजत गेला तरी त्यांनी पुढचा घास घेतला नाही. मग म्हणाले, ‘‘माह्या मायनं जीव सोडला तवा पोथी तिच्या हातात होती. तिले आंधळी म्हणता?’’

गुरुजींनी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ते मताबद्दल विचारत होते, सरळ मनानं. काकाजींच्या कानापर्यंत तो प्रश्न जाईतो त्याला ‘ला’ लागला होता. दोघंही खरं बोलत होते आणि दोघंही ‘मानणं’ हाच शब्द वापरत होते. मी शेजारच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि मध्ये काही बोललो नाही, याची रुखरुख मला अजून आहे. पंधरा दिवस ते एकमेकांशी बोलले नाहीत.

संविधान चौकातून जाता-येता मला आपली उद्देशिका आठवते. तिच्यात ‘विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य’ असे पाच वेगवेगळे शब्द आहेत. मी बरीच वर्षं ते एका दमात म्हणत आलो, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखे. आता थांबून म्हणतो. विचाराचं स्वातंत्र्य गुरुजींचा प्रश्न राखतं, श्रद्धेचं काकाजींच्या आईची पोथी. दोन्ही एकाच ओळीत आहेत आणि एकानं दुसऱ्याला पुसलेलं नाही.

‘सहिष्णुता’ हा शब्द तुमच्या मंडळात कुणी सुचवला नाही, तरी बैठकीत कुणीतरी नक्की काढेल, म्हणून सांगून ठेवतो. तो ‘सह्’ वरून आला, म्हणजे सहन करणं. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना पत्रं लिहिताना गांधीजी याच शब्दापाशी अडले होते. त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर यांनाही तो पसंत नव्हता, त्यांनी सर्व धर्मांचा आदर असं सुचवून पाहिलं, तेही गांधीजींना पटलं नाही. सहन करण्यात दुसऱ्याचा धर्म आपल्यापेक्षा उणा आहे असं गृहीत धरलं जातं, आदरात मेहरबानीचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी ‘समभाव’ हा शब्द घेतला. आपल्यालाही हे रोजच्या बोलण्यातून कळतं: ‘मी तुला सहन करतो’ असं कुणी आपल्याला म्हटलं तर त्याच्याकडे चहाला जावंसं वाटणार नाही.

आणि ‘एकमत’. हा शब्द मसुद्यातून काढाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे. धर्माबाबत एकमत घडवायला निघालं की कुणाला तरी आपलं मत सोडावं लागतं, आणि ते कोण सोडणार यावरून पहिल्या दहा मिनिटांतच जुंपेल. शिवाय वाद ‘मिटवून’ हेही मला खटकतं. हे आपलं नागपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्याआधी १९३५ साली येवल्यात त्यांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली होती. मधली एकवीस वर्षं त्यांनी वाचलं, लिहिलं, तपासलं, प्रश्न विचारले. न्यायदर्शनाच्या अर्थानं तो वाद होता, अत्यंत खडा. सलोख्याच्या नावाखाली तो कुणी मिटवला असता तर दीक्षाभूमी झाली नसती. सलोखा म्हणजे चूप बसणं, असा अर्थ तुमच्या निमंत्रणातून निघू नये.

याच शहरात उलटही घडलं आहे. मार्च २०२५ मध्ये महाल, हंसापुरी भागात हिंसाचार झाला, पुढे काही दिवस संचारबंदी होती. त्या संध्याकाळी हवेत ‘अफवा’ होती. हा शब्दही अरबी, आणि त्याचा मूळ अर्थ आहे ‘तोंडं’, तोंडाचं अनेकवचन. ज्या वस्त्यांत एकमेकांच्या घरी जाणं-येणं आहे तिथं तोंडातून तोंडात गेलेली बातमी कुणीतरी दार ठोठावून विचारून घेऊ शकतं. ज्यांचं जाणं-येणं नाही त्यांना तोंडांवरच भिस्त ठेवावी लागते. सुलूक म्हणजे चालणं, हे मला अशा वेळी फार खरं वाटतं. शक्करदऱ्याच्या वाड्यात राजे रघूजी भोसल्यांनी सूफी संत ताजुद्दीन बाबांना ठेवून घेतलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आणि बाबांच्या दर्ग्यावर, ताजबागेत, आजही कोण कुठल्या धर्माचा हे रांगेत ओळखू येत नाही. त्या रांगेतल्या लोकांची मतं विचारली तर एकमेकांशी जुळणार नाहीत.

गुरुजी-काकाजींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गावोगावचे लोक पायी दीक्षाभूमीकडे जातात, आणि काकाजी दरवर्षी रस्त्याच्या कडेला पाण्याचे दोन माठ आणि पोह्याचं पातेलं मांडतात. अबोला होता त्या वर्षीही मांडलं. चंद्रपूरहून आलेली गुरुजींची बहीण लेकरांना घेऊन नेमकी तिथंच पाणी प्यायला थांबली. कोणाची कोण हे काकाजींना माहीत होतं. त्यांनी लेकरांना पोहे दिले आणि तिला म्हणाले, ‘‘बाई, सावलीत बसा थोडं.’’ दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी ठेल्यावर आले, बसण्याआधीच म्हणाले, ‘‘दोन प्लेट लाव.’’ पुराव्याचा प्रश्न होता तिथंच आहे. आताही अधूनमधून निघतो, पण गुरुजी आता ‘तुम्ही मानता’ म्हणत नाहीत. ‘‘असं आहे, असं तुम्हाले वाटते ना?’’ असं विचारतात आणि काकाजी उत्तर देतात. ‘ला’ काढून टाकल्यानं एवढं होतं, हे पाहून भाषेवर प्रेम करणाऱ्या मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

तेव्हा मसुद्याबद्दल. ‘सलोखा’ ठेवा, बिनदिक्कत. पण त्याला ‘घडवून आणणे’ नका लावू, त्याचं मराठीतलं स्वतःचं क्रियापद आहे: सलोखा राखणे. शेत राखतो तसा. आपल्याकडे पीक उभं असेस्तोवर रात्रीची जागल करावी लागते, एकदा कुंपण घातलं आणि झालं असं नसतं. आणि ‘सलोखा बैठक’ हे दोन शब्द नुसते शेजारी ठेवलेले वाचायला हिंदी वळणाचे वाटतात, मराठीत ‘सलोख्याची बैठक’. सामान्यरूप करताना ‘सलोखाची’ लिहू नका, फलकावर ही चूक हमखास होते.

निमंत्रण असं करून पाहा: ‘आपल्या वस्तीत सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांमध्ये सलोखा राखण्यासाठी बैठक. प्रश्न असतील ते मोकळेपणानं विचारावेत. चहा-पोह्याची सोय केली आहे.’