जुन्या औषधांच्या जाहिराती जमवायच्यात? आधी एवढं बघा

विषय फार सुंदर निवडलात! फक्त एकदम सगळं जमवू नका, एकच औषध धरा. माझं मत क्लोरोडाइनला. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यात डॉक्टर असलेले जॉन कॉलिस ब्राउन यांचं हे मिश्रण. त्यात अफू, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म असे. पटकीवर ते हमखास घेतलं जाई. नकला इतक्या निघाल्या की १८६४ मध्ये लंडनच्या कोर्टात खटला झाला. पुढच्या जाहिराती न्यायाधीशांचं मत अभिमानाने छापतात, म्हणजे ते दिसलं की जाहिरात जुलै १८६४ नंतरची. तारीख लावायला याहून सोपी खूण नाही.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- बाटलीवरचा सरकारी स्टॅम्प म्हणजे मान्यता नव्हे, तो निव्वळ कर.
- जाहिरातीतली आभारपत्रं पुरावा धरू नका.
- घटक जाहिरातीत शोधू नका. बीचमच्या गोळ्यांत (इंग्लंडमधलं गाजलेलं रेचक) काळा बोळ, सुंठ आणि साबण निघाला, तोही ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये पृथक्करण छापलं तेव्हा.

आणि कृपा करून जाहिरात कापून ठेवू नका, अख्खं पान ठेवा. ट्रेडमार्कचे कायदे, छपाईचे प्रकार सध्या राहू द्या. मुंबईत १८९३ मध्ये सुरू झालेलं अमृतांजन मात्र दुसऱ्या टप्प्यात नक्की घ्या.