क्लासिकल शाळेतला गृहपाठ सहावीतल्या मुलीला झेपेल का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: अॅरिझोनातल्या फिनिक्सला नुकते आलात, एका क्लासिकल (जुनी भाषा नि जुने ग्रंथ यांवर भर देणाऱ्या) चार्टर शाळेच्या, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेच्या, प्रवेशाच्या लॉटरीत मुलीचं नाव सहावीसाठी लागलं, लॅटिन सक्तीचं आहे हे कळल्यापासून घरात धाकधूक आहे. गृहपाठ रोज किती तास, आणि कुमोन (सरावाच्या पानांची शिकवणी) नि भरतनाट्यम चालू ठेवता येईल का, हे तुम्हाला हवंय. माझी दोन्ही मुलं इथेच अशा शाळेत आहेत. थोरली अकरावीत, धाकटा सातवीत. दोघांनीही सहावीतच प्रवेश घेतला, त्यामुळे हे वर्ष मी दोनदा काढलंय.

तास आधी सांगून टाकते. सहावीत रोज दीड ते दोन. अमेरिकेत शिक्षक-पालकांच्या राष्ट्रीय संघटना इयत्तेला १० मिनिटं असा ढोबळ अंदाज सांगतात, म्हणजे सहावीला तासभर. त्याच्या दीडपट-दुप्पट धरा. नववीनंतर अडीच-तीन तास. मूल सावकाश वाचणारं असेल तर आणखी.

आता या आकड्यावरून तुम्ही मनात जो हिशेब मांडाल तो बहुधा चुकेल. माझा चुकला होता. मी साताऱ्याची, दहावीला पूर्ण संस्कृत घेतलेली. का घेतलं? मार्क पडतात म्हणून. शब्दरूपं, धातुरूपं, दहा-बारा सुभाषितं घोकायची, आदल्या रात्री अपेक्षित प्रश्नसंचावरून हात फिरवायचा. मार्क पडले, पेढे वाटले. आज कुणी पंचतंत्रातलं एक पान समोर धरून 'वाच आणि अर्थ सांग' म्हणालं तर माझी दातखिळी बसेल. तर मी धरून चालले की लॅटिन म्हणजे तसंच, घोकलं की झालं. पहिल्या सहामाहीत थोरलीला लॅटिनमध्ये 'सी प्लस' मिळाला तेव्हा डोळ्यांत पाणी कुणाच्या आलं असेल? तिच्या नाही, माझ्या.

झालं काय होतं, ते नीट सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे.

पहिले दोन महिने खरंच घोकंपट्टीचे असतात. वर्गात टाळ्या वाजवत रूपं म्हणतात, घरी तीच पाच-दहा मिनिटं म्हणायची, दहा शब्द पाठ करायचे, दुसऱ्या दिवशी छोटी चाचणी. इथे आपली मुलं पुढे असतात. ज्या पोरीला आजीनं रामरक्षा नि मनाचे श्लोक पाठ करायला लावलेत तिला पाच विभक्त्यांचं काय भय! मग एक दिवस गृहपाठात वाक्य येतं: 'पुएल्ला अग्रिकोलाय आक्वाम दात.' म्हणजे 'मुलगी शेतकऱ्याला पाणी देते.' शब्दांचा क्रम अगदी मराठीसारखा आहे बघा, क्रियापद शेवटी. लेकीनं अर्थ बरोबर लिहिला आणि अर्धेच गुण मिळाले. कारण 'अग्रिकोलाय' हे रूप षष्ठीचंही होतं, चतुर्थीचंही, आणि अनेकवचनी प्रथमेचंही. तू चतुर्थीच का घेतलीस? 'शेतकरी देतात' असं का नाही? क्रियापद एकवचनी आहे म्हणून, हे तिला लिहून दाखवायचं होतं. प्रत्येक शब्दाखाली विभक्ती, वचन आणि कारण. उत्तर आलं म्हणजे संपलं नाही. 'का' लिहिलं नाही तर गृहपाठ अर्धा.

आणि हे रविवारी एकदम बसून होत नाही. इतर शाळांतले प्रोजेक्ट आपण शनिवार-रविवारी सगळं घर कामाला लावून उरकतो, तसं नाही. लॅटिनची वीस मिनिटं दोन दिवस बुडाली की तिसऱ्या दिवशीचा उतारा कळत नाही, चौथ्या दिवशी मूल वर्गात मान खाली घालून बसतं. आमची पहिली सहामाही याच खड्ड्यात गेली. दिवाळीच्या आठवड्यात फराळ, पाहुणे, मंडळाचा कार्यक्रम, आणि अभ्यास 'बघू नंतर'. नाताळपर्यंत ती मागेच राहिली.

त्यातून वर कशी आली, त्याचं श्रेय शिकवणीला नाही, तिच्या आजोबांना आहे. माझे वडील संस्कृतचे निवृत्त शिक्षक. व्हिडिओ कॉलवर नातीनं एकदा 'असणे' हे क्रियापद चालवून दाखवलं: सुम, एस, एस्त, सुमुस, एस्तिस, सुंत. तिकडून बाबा क्षणभर गप्प, मग सुरू: अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. पुन्हा एकदा म्हण म्हणाले. मग रोज सकाळी भारतात चहा नि इथे झोपायची वेळ, असा दोघांचा खेळ चालू झाला. इग्निस म्हणजे अग्नी, सेप्तेम म्हणजे सप्त, मातेर म्हणजे माता. बाबा लगेच 'म्हणजे सगळं आपल्याकडूनच गेलं' या वळणावर आले, तेव्हा लेकीनं शाळेत ऐकलेलं सांगितलं की नाही आजोबा, दोन्ही भाषा कुठल्यातरी तिसऱ्या, लोप पावलेल्या भाषेच्या लेकी. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात केलेल्या भाषणात असंच म्हटलं होतं. बाबांना ते फारसं आवडलं नाही, पण रूपं घेणं त्यांनी थांबवलं नाही. तुमच्या घरी कुणाला संस्कृत येत असेल तर या कामाला लावा. आणि कुणालाच येत नसेल तरी मराठी आहेच. ज्या मुलीला 'ला', 'ने', 'चा' यांतला फरक कानानं कळतो तिला विभक्ती म्हणजे काय हे वर्गातल्या फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांइतकं समजावून सांगावं लागत नाही. घरात मराठी बोलणं अभ्यासाच्या नावाखाली बंद करू नका, एवढंच.

सहावीच का जड जाते, त्यालाही कारण आहे. या शाळांचा आराखडा युरोपातल्या मध्ययुगीन त्रयीवर बेतलेला: व्याकरण, तर्क, वक्तृत्व. १९४७ साली डोरोथी सेयर्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईंनी ऑक्सफर्डला एक भाषण दिलं आणि ही त्रयी मुलांच्या वयाशी जोडली. आधी पोपटासारखं पाठ करायचं वय, मग बारा-चौदाचं उलट उत्तरं देण्याचं वय, मग स्वतःचं काही म्हणण्याचं वय. पुढे १९८१ मध्ये आयडाहोमधल्या मॉस्को नावाच्या गावात त्या भाषणावरून शाळा निघाली, आणि तिथून हे लोण पसरलं. अॅरिझोनात चार्टर शाळांचा कायदा १९९४ चा, त्यामुळे इथे अशा शाळा सरकारी पैशावर, बिनफीच्या निघाल्या. तर सहावी म्हणजे पहिल्या पायरीवरून दुसरीवर उडी. पाचवीपर्यंत पाठांतराला शाबासकी मिळते, सातवीपासून 'कशावरून म्हणतेस?' एवढंच विचारतात.

बाकी विषयांचं थोडक्यात. इंग्रजी व्याकरणात वाक्याची आकृती काढतात, आपल्याकडच्या वाक्यपृथक्करणाचीच रेषांवरची बहीण. आडव्या रेषेवर उद्देश्य नि विधेय, विशेषणं खाली तिरप्या रेषांवर टांगलेली. मुलांना हे कोड्यासारखं आवडतं. कविता पाठ करून वर्गासमोर उभं राहून म्हणायची, वर्षातून चार-पाच. बहुतेक सगळं हाताने, अक्षरं जोडून लिहायच्या कर्सिव्ह वळणात. टॅबलेट जवळजवळ नाहीच. गणितात आपली मुलं सहसा अडत नाहीत, पण भूमिती आली की पक्ष, साध्य, सिद्धता असं सगळं लिहावं लागतं, नुसतं उत्तर चालत नाही. हे मात्र आपल्या दहावीच्या पुस्तकासारखंच निघालं, आणि नवऱ्याला फार दिवसांनी घरात मान मिळाला.

खरा वेळ खातं ते वाचन. सहावीत रोज रात्री वीसेक पानं गोष्टीच्या पुस्तकाची, समासात पेन्सिलीनं टिपणं करत. यंदा थोरलीला होमर आणि प्लेटो आहेत. दुसऱ्या दिवशी मुलं गोल बसतात, शिक्षक एक प्रश्न टाकतात आणि गप्प होतात. त्या चर्चेत बोलण्याला गुण आहेत. आणि नुसतं बोलून भागत नाही, अमुक पानावर अमुक ओळ आहे असं दाखवून बोलायचं. आपल्या मुलांची गोची इथे होते. आपण घरात 'मोठ्यांच्या मध्ये बोलू नये' हे इतकं भिनवतो की माझी लेक सगळं वाचून, टिपणं काढून तीन महिने तोंड मिटून बसली. रिमार्क आला: तयारी उत्तम, सहभाग नाही. मग जेवणाच्या टेबलावर मीच मुद्दाम चुकीची मतं मांडायला लागले, म्हणजे ती भांडेल. भांडली. अजून भांडतेय, ती गोष्ट वेगळी.

आणि आता माझी एक चूक. धाकट्याच्या सहावीत, पहिल्या निबंधाला मी 'जरा नजर टाकते' म्हणून बसले आणि अर्धा निबंध पुन्हा लिहिला. शिक्षिकेनं आम्हाला बोलावलं. ओरडल्या नाहीत. निबंध समोर ठेवला आणि धाकट्याला एका शब्दाचा अर्थ विचारला. त्याला सांगता येईना. त्या म्हणाल्या, त्याच्या चुका मला हव्यात, नाहीतर मी शिकवू काय? परत येताना गाडीत कुणी बोललं नाही. तेव्हापासून मी फक्त मोठ्यानं वाचून घेते. मूल स्वतःचं वाक्य कानानं ऐकतं तेव्हा अर्ध्या चुका त्याच्याच लक्षात येतात.

गुणांबद्दल मन घट्ट करा. आधीच्या शाळेत सगळे 'ए' असलेल्या मुलीला इथे 'बी' पडेल, एखाद्या विषयात 'सी'. आमच्या शाळेत 'सी' म्हणजे समजतंय, पक्कं नाही. ते नापास नाही. मंडळाच्या पिकनिकला कुणी विचारलं की सांगायला जड जातं, हे मला माहीत आहे. पण वर्षभर त्या 'ए'च्या मागे मुलीला पळवलंत तर ती वाचायचं सोडून गुण मोजायला लागेल, आणि या शाळेत वाचन सुटलं की सगळंच सुटतं.

सगळं गोडगोड नाही. इतिहास बराचसा ग्रीस, रोम, युरोप नि अमेरिका असा चालतो. भारत धावत येतो आणि धावत जातो. धाकट्यानं साम्राज्यांच्या धड्यानंतर 'आपले मराठे कुठे आहेत?' विचारलं, ते मी घरी सांगितलं, शाळेत येणार नव्हते. कोडिंग, रोबोटिक्स यांची वानवा आहे. आमच्या शाळेत एपीचं (कॉलेजच्या पातळीच्या विषयांचं) लेबल नाही, आणि तुम्ही पुढच्या कॉलेजचा विचार करणाऱ्यांपैकी असाल (आपण सगळेच असतो) तर तुमच्या शाळेत काय आहे ते आत्ताच विचारा. बस नाही, म्हणजे सकाळ-दुपार ड्रायव्हर तुम्हीच. 'क्लासिकल' नावाच्या खासगी शाळा बऱ्याचदा ख्रिस्ती असतात आणि तिथे बायबलचा तास असतो. चार्टर सरकारी असल्यामुळे तिथे धर्माची दीक्षा नाही, ही शंका तुमच्या मनात असेल तर काढून टाका. मुलीला वाचनाची खरी अडचण असेल, शब्द वाचताना ती सतत अडखळत असेल, तर प्रवेश घेतानाच सांगा. सरकारी शाळा म्हणून मदत देणं त्यांना कायद्यानं भाग आहे. लपवलंत तर मुलीचे हाल होतील.

आमच्या शाळेत लॅटिन सहावीलाच सुरू होतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर वर्गातले सगळेच कोरे, तुमची मुलगी उशिरा आली असं काही नाही. उन्हाळ्यात लॅटिनचं पुस्तक आणून घोकून घेऊ नका. त्यापेक्षा रोज अर्धा तास तिला जे आवडेल ते वाचू द्या, आणि वाचलेलं रात्री तिच्या शब्दांत ऐका. सहावीतला अर्धा गृहपाठ तोच आहे.

कुमोन आम्ही ऑक्टोबरात बंद केलं. त्या पानांवर वेग मोजतात आणि शाळेत कारण मागतात, लेकीची दोन्हीकडे ओढाताण व्हायला लागली होती. भरतनाट्यम सोडलं नाही. मधल्या वारी असायचा तो वर्ग शनिवारी सकाळी नेला, गुरूंनी थोडी कुरकुर केली. पाठ करून, उभं राहून, लोकांसमोर सादर करायची सवय तिला तिथूनच होती, त्यामुळे कविता म्हणायच्या दिवशी तिचे पाय कधी लटपटले नाहीत. सोडू नका.