भास, संशय आणि गोळ्या: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: माझा 21 वर्षांचा मुलगा दोन महिन्यांपासून म्हणतो की शेजारी त्याच्याबद्दल कट करताहेत, मोबाइलमधून त्याच्यावर पाळत ठेवली जातेय. डॉक्टर सायकोसिस म्हणाले. परीक्षेवरून आम्ही त्याला फार बोललो होतो. त्यामुळे झालं का? तो मित्रांबरोबर गांजाही ओढायचा.

उत्तर: तुमच्या बोलण्यामुळे हे झालेलं नाही. सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नातं सुटण्याची, शक्यता बहुतेकदा आधीपासून असते. ताण, जागरणं आणि नशा तिला वर काढतात. त्या शक्यतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण ती सगळं ठरवत नाही. तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया (सायकोसिस होणारा, लांबत जाणारा आजार) झाला, तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमीच असते.

मेंदूतलं डोपामिन हे रसायन, समोरचं काय महत्त्वाचं आणि काय नाही, हे ठरवायला मदत करतं. काही भागांत त्याचं काम प्रमाणाबाहेर वाढलं की शेजाऱ्याचं हसणं, रस्त्यावरचा हॉर्न, सगळं आपल्याचसाठी आहे असं वाटू लागतं. मन मग त्याचा अर्थ लावत बसतं आणि त्यातून कटाची गोष्ट तयार होते. म्हणून वाद घालून ती मोडत नाही. त्याच्या हो ला हो करू नका आणि उलटतपासणीही घेऊ नका. ‘तुला भीती वाटतेय हे मला दिसतंय’ एवढं म्हणणं पुरतं.

गांजाचं मात्र मनावर घ्या. लहान वयात सुरुवात, रोजचा वापर आणि जास्त टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेला माल, या तिन्हींनी धोका वाढतो. ‘तो तर नैसर्गिक आहे’ असं मुलं सांगतात. धोत्राही नैसर्गिकच आहे. गांजा पूर्ण बंद व्हायला हवा. मात्र ‘नशेमुळेच झालं होतं, आता सुटलं’ म्हणून तपासण्या थांबवू नका, कारण अशांपैकी काहींना पुढे स्किझोफ्रेनिया होतो.

प्रश्न: आईचं वय 74. खुब्याच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवसापासून तिला रात्री खोलीत माणसं दिसतात, सकाळी ती बरी असते. मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावं का?

उत्तर: आधी, आणि आजच, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना सांगा. म्हातारपणी एकाएकी सुरू झालेले, दिवसभरात कमी-जास्त होणारे भास हे बहुधा डिलिरियमचे, म्हणजे शारीरिक बिघाडामुळे मेंदू तात्पुरता गोंधळल्याचे असतात. त्याचं मूळ शरीरात सापडतं: जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं, तुंबलेली लघवी, वेदना किंवा एखादं नवं औषध. मूळ सापडून दुरुस्त झालं की भास ओसरतात.

खरं तर पहिल्यांदा सायकोसिस झालेल्या कोणत्याही वयाच्या माणसाची शारीरिक तपासणी व्हायलाच हवी. थायरॉइडचे विकार, बी-12ची कमतरता, अपस्मार, मेंदूची सूज, स्टेरॉइड, पार्किन्सनवरची औषधं, एकदम सोडलेली दारू, यांतलं काहीही कारण निघू शकतं.

प्रश्न: बहीण बाळंत होऊन आठ दिवस झाले. तीन रात्री झोपलेली नाही, आणि बाळ बदललंय असं म्हणते.

उत्तर: उत्तराची वाट पाहत थांबू नका, तिला आत्ताच रुग्णालयात न्या. हा प्रसूतीनंतरचा सायकोसिस असू शकतो. हजार बाळंतपणांत एक-दोघींना तो होतो आणि त्यात आई-बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तोवर दोघांना एकटं सोडू नका. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

प्रश्न: सहा महिन्यांपासून रिस्पेरिडोन घेतोय, आवाज बंद झाले. पण वजन वाढलंय. शिवाय सवय लागेल अशी भीती वाटते. गोळ्या बंद करू का?

उत्तर: या गोळ्यांची नशा होत नाही आणि व्यसनही लागत नाही. तुम्ही बरे आहात ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. पहिल्या झटक्यानंतर बरं वाटू लागल्यावरही साधारण एक ते दोन वर्षं औषध चालू ठेवायला सांगतात. फसवणारी गोष्ट अशी की गोळी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीच बिघडत नाही. कधी कधी उलट हलकंच वाटतं. आजार काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो, तेव्हा त्या दोन गोष्टींचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

तुमची वजनाची तक्रार मात्र रास्त आहे. ‘जीव वाचला ना, मग वजनाचं काय’ हे उत्तर मला पटत नाही. वजन, कंबर, साखर आणि कोलेस्टेरॉल मोजून घ्या. डोस कमी करता येतो किंवा वजन कमी वाढवणारं अॅरिपिप्राझोलसारखं औषध देता येतं. हाता-पायांत ताठरपणा, एका जागी बसवत नाही अशी अस्वस्थता, लैंगिक तक्रारी, हेही न लाजता सांगा. यातली बरीच दुखणी औषध बदलून सुटतात. पुढे बंद करायची वेळ आलीच, तर डोस महिनोन्‌महिने थोडा थोडा उतरवतात.

प्रश्न: नवरा गोळ्या घेत नाही. जेवणात कालवून देते. चालेल ना?

उत्तर: नाही. तुमची अगतिकता कळते. पण ज्याला आधीच वाटतंय की आपल्याला विष घालताहेत, त्याला हे कळलं तर त्याचा संशय खराच ठरेल. ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. दोन आठवड्यांनी, महिन्याने किंवा तीन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनंही मिळतात. रोजच्या गोळीपेक्षा अनेकांना ती सोयीची वाटतात.

प्रश्न: दोन औषधं झाली, गुण नाही. आता क्लोझापिन सुचवलंय. ते धोक्याचं आहे असं ऐकतो.

उत्तर: धोका खरा आहे, पण तो सांभाळता येतो. 1975मध्ये फिनलंडमध्ये या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि अनेक देशांत ते मागे पडलं. मग 1988मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात, इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांपैकी 30 टक्क्यांना त्याचा गुण आला. क्लोरप्रोमाझिन या जुन्या औषधाने तो फक्त 4 टक्क्यांना आला होता. पेशी धोकादायक घटण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे, आणि तेही मुख्यतः पहिल्या 18 आठवड्यांत. म्हणून त्या काळात दर आठवड्याला रक्त तपासतात. ताप आला किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी तपासणी करा. बद्धकोष्ठ अंगावर काढू नका, या औषधात ते जिवावर बेतू शकतं. आणि सिगारेट ओढत असाल, तर सोडण्याआधी डॉक्टरांना कळवा. धूम्रपान थांबलं की रक्तातलं क्लोझापिन वाढतं, त्यामुळे डोस कमी करावा लागतो.